चिंता पाप नाही, पाळकसाहेब

खानदेशातल्या कुठल्याही ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे एका चर्चच्या लोकांत, वर्षातून दोन-तीनदा तरी बायबलातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायावर संदेश होतोच. आकाशातली पाखरं, रानातली फुलं, उद्याची चिंता करू नका. पाऊस लांबला की होतो, परीक्षांच्या निकालाआधी होतो, पाहुणे वक्ते आले आणि विषय ठरला नसला तरी होतो. लोक माना डोलावतात, अर्पण टाकतात आणि दाराशी चपला शोधता शोधता पुन्हा तेच बोलायला लागतात: कपाशीचं बियाणं, सोसायटीचं कर्ज, सुरतेला गेलेला पोरगा. ‘आते कसं व्हई, भाऊ?’ यात लोकांचं काही चुकतं असं मला वाटत नाही. चुकतं ते पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, देतात त्या संदेशाचं.

अलीकडे त्या संदेशाला एक शेपूट लागलं आहे. चिंता म्हणजे अविश्वास, अविश्वास म्हणजे पाप, म्हणून चिंता करणारा विश्वासणारा पापात आहे. ऐकायला हिशेब चोख बसतो. पण रात्र-रात्र झोप न लागणाऱ्या बाईला हे ऐकवलं की एकाची दोन ओझी होतात. आधी तिला नवऱ्याच्या कर्जाची काळजी होती. आता आपल्याला काळजी वाटते म्हणून देव आपल्यावर नाराज असेल, याचीही काळजी. आणि याहून वाईट म्हणजे ती बोलायचीच थांबते. साक्षीच्या वेळी, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांपुढे सांगायच्या वेळी, उठते, ‘प्रभूने मला शांती दिली’ म्हणते, खाली बसते. घरी गेल्यावर पुन्हा कूस बदलत पहाट करते. मंडळीला वाटतं, एक साक्ष मिळाली. मिळालं काही नाही. एक माणूस मात्र गप्प झालं.

ख्रिस्ती विश्वासाने भीतीवर मात करता येते, हे मी मानतो. पण ती हुकमाने होत नाही. भीतीला एकांतातून बाहेर काढायचं, खऱ्यासमोर उभं करायचं आणि तिच्यातला खरा भाग चार जणांनी मिळून उचलायचा, अशी ती होते. ज्या मंडळीत हे होत नाही, ती मत्तयाचा सहावा अध्याय तोंडपाठ असूनही भीतीच वाढवते.

येशू हे कोणापुढे बोलला ते आधी पाहू. गालीलातले मच्छीमार, कुळं, रोजंदारीवर जाणारे. मत्तयाच्याच विसाव्या अध्यायात द्राक्षमळ्याचा धनी सकाळी बाजारात उभे असलेले मजूर कामाला लावतो आणि संध्याकाळी मजुरी चुकती करतो. दिवस कलेपर्यंत कोणी बोलावलंच नाही म्हणून तिथेच ताटकळलेलेही त्या गोष्टीत आहेत. धुळ्यात किंवा जळगावात मजुरांच्या नाक्यावर ज्याने सकाळ काढली आहे, त्याला हे चित्र कोणी समजावून सांगायला नको. अशा लोकांना येशूने जी प्रार्थना शिकवली, तीत भाकर मागितली आहे ती आजच्यापुरती, आणि ती प्रार्थनाही याच सहाव्या अध्यायात आहे. चिंतेच्या उताऱ्याच्या लगेच आधीचं वचन पैशाबद्दल आहे: देवाची आणि धनाची चाकरी एकदम करता येत नाही. म्हणजे सगळं बोलणं सुरू होतं ते धनी कोण, या प्रश्नापासून. आणि संपतं ते ‘ज्या दिवसाचे दुःख त्या दिवसाला पुरे’ या वाक्याने. दुःख नाही असं येशू म्हणत नाही. ते रोज आहे, हे तो धरूनच चालतो. दहाव्या अध्यायात चिमण्यांचा विषय निघतो तेव्हाही पित्यावाचून एकही चिमणी जमिनीवर पडत नाही, एवढंच तो म्हणतो. चिमण्या पडतात.

आणि अटकेच्या रात्रीच्या गेथशेमाने बागेचं काय करायचं? तिथे येशू खिन्न आणि व्याकूळ होतो, तिघा शिष्यांना सोबत घेतो, माझ्याबरोबर जागे राहा म्हणून विनवतो. त्याचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा जमिनीवर पडत होता, असं लूक लिहितो. ज्याला आपण निष्पाप म्हणतो त्याची ही रात्र. गावोगावी पहिल्या मंडळ्या उभ्या करणारा पौल करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात फटके, तुरुंग, फुटलेली जहाजं यांची यादी देतो आणि शेवटी म्हणतो, याखेरीज सगळ्या मंडळ्यांच्या चिंतेचा भार रोज माझ्यावर आहे. ‘कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका’ असं फिलिप्पैकरांना लिहिणारा पौल तो हाच, आणि ते त्याने कैदेत बसून लिहिलं. चिंता हे सरसकट पाप असेल तर ही दोन्ही माणसं आरोपीच्या पिंजऱ्यात उभी करावी लागतील. कोणता पाळक तयार आहे?

म्हणून चिंता चांगली, असं मी म्हणत नाही. घडलेल्या आणि घडू शकणाऱ्या गोष्टींची काळजी वेगळी, आणि मनाने उभं केलेलं भय वेगळं. हे दुसरं माणसाला खातं. त्याचा सगळ्यात नेमका पंचनामा बायबलात गणना या पुस्तकाच्या तेराव्या-चौदाव्या अध्यायांत आहे, पण त्यावर आमच्याकडे क्वचितच कोणी बोलतं. मिसरातल्या (इजिप्तमधल्या) गुलामीतून सुटलेल्या इस्राएली लोकांचा पुढारी मोशे बारा हेर देवाने देऊ केलेला कनान देश पाहायला पाठवतो. चाळीस दिवस ते फिरतात. अष्कोलच्या ओढ्याजवळून द्राक्षांचा असा घोस आणतात की तो काठीला बांधून दोघांना खांद्यावर वाहावा लागतो. माल डोळ्यांसमोर आहे. तरी बारातले दहा जण सांगतात: तिथली माणसं धिप्पाड, नगरं तटबंदीची, आम्ही स्वतःच्या नजरेत नाकतोड्यांसारखे होतो आणि त्यांच्याही नजरेत तसेच होतो.

शेवटचा तुकडा पुन्हा वाचा. त्यांच्या नजरेत तुम्ही कसे होता, हे तुम्हाला कोणी सांगितलं? कोणत्या कनानी माणसाला विचारून आलात? तटबंदी ही पाहणी होती. नाकतोडे ही कल्पना. अहवालात मात्र दोन्ही एका दमात, सारख्याच खात्रीने सांगितलं गेलं, आणि त्या रात्री सगळी मंडळी रडली. मिसरात परत जाऊ, गुलामी परवडली, इथवर गोष्ट गेली. कालेब आणि यहोशवा हे दोघेच वेगळं बोलले, आणि धिप्पाड माणसं नाहीत असं तेही म्हणाले नाहीत. देव आपल्याबरोबर आहे, भिऊ नका, एवढंच म्हणाले. त्यांना दगडमार करा, अशी ओरड झाली.

इथे माझ्याच म्हणण्याला एक अडचण येते. भीती चार जणांत बोलली की हलकी होते, असं मी वर सुचवलं. पण ती रात्रभर रडणारी मंडळीसुद्धा एकत्रच होती. गर्दीत भीती कमी होत नाही, कित्येकदा पेटते. खानदेशाला हे पुस्तकातून शिकायची गरज नाही. 1 जुलै 2018, रविवार, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा. आठवडे बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, सोलापूर जिल्ह्यातून भिक्षा मागत आलेली पाच माणसं. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, असे मेसेज त्या काळात मोबाईलवरून सगळीकडे जात होते. संशयावरून त्या पाच जणांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडलं आणि जमावाने मारून टाकलं. त्यांनी कोणाचंही मूल पळवलेलं नव्हतं. जमावातल्या बहुतेकांना आपण आपल्या लेकरांचं रक्षण करतो आहोत असंच वाटत असणार, आणि सगळ्यात भयंकर तेच आहे. नाकतोड्यांची गोष्ट इथे उलट्या टोकाने घडली: घाबरलेल्या माणसांनी दुसऱ्याला राक्षस केलं.

ते मेसेज आमच्या मंडळ्यांच्या ग्रुपवरही आले होते. त्या आठवड्यांत किती व्यासपीठांवरून ‘हा मेसेज खोटा आहे, पुढे पाठवू नका’ असं सांगितलं गेलं? माझ्या कानावर तरी आलं नाही. नुसती सोबत पुरत नाही. सोबतीत कोणीतरी कालेब लागतो, जो विचारतो की हे तुला कोणी सांगितलं. मंडळी आणि जमाव यांच्यात फरक कुठे असेल तर या प्रश्नात आहे. तो विचारायची मुभा नसेल तर चर्चच्या छपराखालीही जमावच बसलेला असतो, फक्त गाणी म्हणणारा.

नंदुरबारच्या डोंगरपट्ट्यात भीतीने घेतलेल्या बळींची यादी राईनपाड्याहून जुनी आहे. अक्राणी, अक्कलकुवा भागात एखादीला डाकीण ठरवायचं आणि तिचं जगणं अशक्य करायचं, हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं. लेकरू वारंवार आजारी पडतं, हातपाय दुखून रात्रभर रडतं, डोळे पिवळे होतात, ताकद जाते. भगताकडे, म्हणजे गावच्या मांत्रिकाकडे, नेलं की तो कोणाच्या तरी घराकडे बोट दाखवतो, आणि ते घर बहुधा विधवेचं किंवा एकट्या म्हातारीचं असतं. आता ही लक्षणं पुन्हा पाहा. सांधेदुखी, रक्त कमी, कावीळ. या जिल्ह्यातल्या आदिवासी समाजात सिकलसेल मोठ्या प्रमाणावर आहे. हा आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार आहे. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी निघण्याची शक्यता 25 टक्के. प्राथमिक आरोग्य केंद्रात साध्या रक्ततपासणीने पहिला अंदाज येतो, पुढच्या तपासणीत पक्कं कळतं. औषध आहे, पाणी भरपूर प्यायचं असतं, लग्नाआधी तपासणी करून घेता येते. डाकिणीवर यातलं काहीच लागू होत नाही. म्हातारीला गावाबाहेर काढून कोणाचं लेकरू बरं झालेलं नाही.

आदिवासी ख्रिस्ती कुटुंबं विश्वासात का आली, हे त्यांना विचारा. पैसा, शाळा, दवाखाना असली उत्तरं बाहेरचे देतात. घरातली म्हातारी माणसं बहुतेक वेळा भीतीचं सांगतात: भुताखेतांची, भगताच्या बोटाची, रात्री अमक्या झाडाखालून जाण्याची भीती गेली. ही मोकळीक लहान नाही. परमेश्वर माझा मेंढपाळ, मृत्युच्छायेच्या दरीतही मी भिणार नाही, हे तेविसावं स्तोत्र ज्याने अंधारात पाड्यावर परत जाताना मनात म्हटलं आहे, त्याला त्याची किंमत ठाऊक असते.

म्हणूनच मला राग येतो तो भीती पुन्हा मागच्या दाराने आणणाऱ्यांचा. भगत गेला, पण व्यासपीठावरून ‘तुझ्या घरावर शाप आहे’, ‘तुझ्या पूर्वजांच्या पापाचं बंधन आहे’, ‘या आजारामागे दुष्टात्मा आहे’ असं सांगणारा आला, तर बदललं काय? फक्त बोट दाखवणारा बदलला. करोनाच्या लशीत श्वापदाची खूण, म्हणजे बायबलच्या शेवटच्या पुस्तकातली देवाच्या शत्रूची निशाणी, आहे असे व्हिडिओ फिरले तेव्हा कितीतरी साध्या माणसांनी लस टाळली, आणि त्यांना ते व्हिडिओ पाठवणारे चर्चमधलेच होते. शेवटच्या काळाबद्दल येशूने शिष्यांना सांगितलं, लढाया आणि लढायांच्या आवया ऐकाल, पण घाबरू नका. आम्ही त्याच अध्यायावरून लोकांना घाबरवतो. महाराष्ट्रात 2013 पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. अमक्यामुळे आजार झाला म्हणून एखाद्यावर करणीचा ठपका ठेवणं त्याखाली गुन्हा आहे. तो कायदा फक्त भगतासाठी आहे, असं कोणत्याही पाळकाने समजू नये.

मग विश्वास भीतीवर काम कसा करतो? फिलिप्पैच्या चौथ्या अध्यायात चिंताक्रांत होऊ नका या वचनानंतर लगेच, दोनच वचनं पुढे, पौल मनात काय घोळवायचं त्याची यादी देतो. जे आदरणीय, न्याय्य, शुद्ध वगैरे. त्या यादीत पहिलं आहे जे सत्य ते. प्रार्थनेच्या पाठोपाठ सत्य. नवापूर तालुक्यातल्या एका घरगुती प्रार्थनासभेत मी हे होताना पाहिलं. पावसाळा सरलेला, अर्धा पाडा ऊसतोडीला गुजरातेत गेलेला. प्रार्थनेच्या विनंत्या सुरू झाल्या आणि एक मावशी म्हणाली, पोराचा फोन लागत नाही. बोलता बोलता तिने पोराला ट्रॅक्टरखाली घातलं, दवाखान्यात ठेवलं, मुकादमाने ते लपवलं असंही ठरवलं. सगळं तिच्या डोळ्यांसमोर घडत होतं. पाळकांनी प्रार्थना केली, मनापासून केली, लांबलीही. आमेन झाल्यावर मागे बसलेला एक तरुण म्हणाला, मावशी, त्या टोळीतल्या एकाचा नंबर आहे माझ्याकडे. त्याने तिथेच, सगळ्यांसमोर, फोन लावला आणि आवाज मोठा ठेवला. पोराचा मोबाईल पाण्यात पडला होता. तो शिव्या घालत होता, मोबाईलला. सभेत हशा पिकला, मावशी पदराने डोळे पुसत हसली आणि मग चहा आला.

त्या संध्याकाळी प्रार्थना कोणती आणि फोन कोणता, असं मला वेगळं काढता येत नाही. प्रार्थना झाली नसती तर ती ते चार जणांत बोललीच नसती. फोन झाला नसता तर ती प्रार्थना होऊनही रात्रभर जागली असती. आणि उत्तर वाईट आलं असतं तरी ते ऐकताना ती एकटी नसती.

माझे एक विवेकवादी स्नेही आहेत, डाकीण प्रथेविरुद्ध पायपीट केलेले. ते म्हणतात, फोनने काम झालं, तुम्ही श्रेय देवाला देता. भुताची कल्पना काढून तुम्ही देवाची बसवलीत, एवढंच. आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. मी एवढंच म्हणतो: फोन लावायला धीर लागतो. कित्येकदा माणूस खरं कळून घेत नाही ते अज्ञानामुळे नव्हे. कळलं तर काय करू, या धास्तीने घेत नाही. छातीत गाठ लागलेली बाई वर्षभर डॉक्टरकडे जात नाही ती याच धास्तीने. बँकेचं पाकीट न फोडता देव्हाऱ्यामागे खोचून ठेवणारा शेतकरी अडाणी नसतो. जे काही निघेल ते निघो, माझा हात सुटणार नाही, ही खात्री ज्याला आहे तो पाकीट फोडतो. ही खात्री माझ्या स्नेह्यांना माणसांवरच्या भरवशातून मिळते, मला ख्रिस्तात मिळते. ते काम चांगलं करतात, आणि डोंगरात त्यांच्याबरोबर फिरायला आमच्या मंडळ्यांतले फार थोडे गेले, ही आमच्यासाठी शोभेची गोष्ट नाही.

एलीया या संदेष्ट्याची गोष्ट तर प्रत्येक पाळकाने वर्षातून एकदा स्वतःसाठी वाचावी. कर्मेल डोंगरावर बआल या दैवताच्या संदेष्ट्यांपुढे एकटा उभा राहून जिंकलेला हा माणूस. त्यानंतर ईजबेल राणीचा एक निरोप येतो, उद्या या वेळेपर्यंत तुझा जीव घेईन. आणि तो पळतो. बैर-शेबापर्यंत, तिथून पुढे एक दिवसाची वाट रानात, एका झुडपाखाली बसतो आणि मरण मागतो. एवढा चमत्कार पाहिलेल्या माणसाला विश्वास कमी पडला म्हणावं तर आपलं काय? देव काय करतो ते बघा. रागवत नाही. वचन ऐकवत नाही. एलीया झोपतो, दूत त्याला स्पर्श करून उठवतो आणि म्हणतो, ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी. तो खातो आणि पुन्हा झोपतो. दुसऱ्यांदा तेच, वर दूत म्हणतो, तुला वाट फार पडेल. पोट आणि झोप आधी. मग होरेब डोंगर, मग प्रश्न: तू इथे काय करतोस? एलीया गाऱ्हाणं सांगतो, मी एकटाच उरलो आहे. देव तेच पुन्हा विचारतो, एलीया तेच पुन्हा सांगतो, शब्दही न बदलता. खोल काळजीतला माणूस तेच तेच बोलतो, हे लिहिणाऱ्याला माहीत होतं. आणि उत्तरात शेवटी येते ती आकडेवारी: इस्राएलात 7000 जण असे आहेत ज्यांनी बआलापुढे गुडघा टेकला नाही. एकटाच उरलो हे खोटं होतं. शिवाय एक मदतनीस दिला जातो, अलीशा.

भाकर, झोप, ऐकून घेणारा, खरी माहिती, सोबती. आजचा डॉक्टर याहून फार वेगळं काय करतो? औषध देतो, तेही लागेल तिथे घ्यावं. साखरेच्या आजाराची गोळी घेणाऱ्या वडिलांना आपण ‘विश्वास कमी’ म्हणत नाही, झोप उडालेल्या सुनेला मात्र उपास-प्रार्थनेला बसवतो. आधीच न जेवणाऱ्या बाईला उपास! लूक स्वतः वैद्य होता आणि पौलाबरोबर फिरत होता, हे बोलायलाच नको. टेलिमानस ही सरकारची मोफत सेवा 10 ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. 14416 या क्रमांकावर कोणत्याही वेळी मराठीत बोलता येतं, नाव सांगायची सक्ती नाही. डोंगरातल्या मोलगी गावाच्या पलीकडे फोनला रेंज मिळणं हा वेगळा प्रश्न, पण रेंज आहे तिथे तरी हा नंबर चर्चच्या फळ्यावर वचनाखाली का असू नये?

काही भीती कल्पनेतल्या नसतात, आणि तिथे ‘देव पाहून घेईल’ म्हणणं ही पळवाट आहे. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यातला मे-जूनचा शेतकरी घ्या. घड कापणीला आलेला, चार दिवसांत व्यापाऱ्याची गाडी लागणार, आणि संध्याकाळी पश्चिमेला काळं भरून येतं. केळीचं खोड म्हणजे पाण्याने भरलेले पापुद्रे. घडाच्या भाराने ते आधीच वाकलेलं असतं. वारा सुटला की बांबूचा टेकू कितपत धरणार? झाड मधूनच मोडतं, आणि मोडलेली केळी उभी करता येत नाही. वर्षभराचं पाणी, खत, मजुरी एका तासात आडवी. हा माणूस पानांची सळसळ ऐकून रात्री उठून बसत असेल तर त्याच्या श्रद्धेची परीक्षा घेऊ नका. हवामानावर आधारित फळपीक विमा त्याने वेळेत उतरवला का, नुकसानीची खबर मुदतीत दिली का, अर्ज भरायला मंडळीतला कोणी शिकलेला पोरगा बरोबर जाईल का, हे विचारा. योसेफाने येणाऱ्या दुष्काळासाठी मिसरात सात सुकाळांत धान्य साठवलं, ते काय अविश्वासामुळे?

दुसरी खरी भीती आदिवासी ख्रिस्ती घरांत आज दबक्या आवाजात बोलली जाते: जमातीच्या दाखल्याची. डी-लिस्टिंगची, म्हणजे धर्म बदललेल्या आदिवासींना अनुसूचित जमातींच्या यादीतून काढायची, मागणी करणारे मेळावे होतात, आणि कॉलेजात जाणाऱ्या पोरीला वाटतं, उद्या आपली शिष्यवृत्ती गेली. इथेही आधी खरं काय ते सांगायला हवं. 1950च्या अनुसूचित जातींच्या आदेशात धर्माची अट आहे. 1956 मध्ये त्यात शीख आणि 1990 मध्ये बौद्ध जोडले गेले. अनुसूचित जमातींच्या आदेशात धर्माची अट नाही. आजचा कायदा हा असा आहे. तो बदलावा अशी मागणी करणारे आहेत, म्हणून जागं राहायचं, कागद नीट ठेवायचे, वकिलाशी बोलायचं, लोकप्रतिनिधीला भेटायचं. पण न बदललेल्या कायद्याच्या नावाने पोरीने आजच पुस्तकं मिटायची नाहीत. आणि या भीतीपोटी शेजारच्या हिंदू घराकडे शत्रू म्हणून पाहायला लागलो, तर राईनपाड्यापर्यंतची वाट आपणही धरली.

याकोबाच्या पत्रात एक बोचरं वचन आहे. भाऊ किंवा बहीण उघडीनागडी, उपाशी आहे आणि तुमच्यातला कोणी म्हणतो, सुखाने जा, ऊब घ्या, तृप्त व्हा, पण शरीराला लागतं ते देत नाही, तर त्याचा काय उपयोग? ‘चिंता करू नका’ हे वाक्य रिकाम्या हाताने बोललं की याच जातीचं होतं. येशू ते बोलला तेव्हा त्याच्यामागे पाच हजारांना जेवू घालणारे हात होते. पौल वादळात सापडलेल्या जहाजावर 276 जणांना धीर धरा म्हणाला आणि पाठोपाठ भाकर मोडून स्वतः खाल्ली, त्यांनाही खायला लावली. खलाशी जहाजावरची होडी पाण्यात उतरवून पळायला निघाले तेव्हा हे जहाजावर राहिले नाहीत तर तुमचा बचाव नाही, असं सैनिकांच्या शताधिपतीला, म्हणजे रोमी अंमलदाराला, सांगायलाही तो विसरला नाही. देवदूताने रात्री अभय दिलं होतं, तरी जहाज हाकणारे लागतातच, हे त्याला कळत होतं.

राहता राहिले पाळक. त्यांच्यावर मी बरंच बोललो, पण त्यांचीही बाजू आहे. तुटपुंज्या मानधनात घर चालवायचं, बदलीची टांगती तलवार, पोरांच्या शाळा मध्येच तुटतात, आणि रविवारी उभं राहून निश्चिंत दिसायचं. आपल्याला भीती वाटते हे त्यांनी कोणाला सांगायचं? मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचांना सांगितलं तर पुढच्या बैठकीत तोच विषय. ‘चिंता पाप आहे’ असं ठासून सांगणाऱ्या कित्येक पाळकांचा तो उपदेश आधी स्वतःलाच असतो, असा मला संशय आहे. जिल्ह्यातल्या पाळकांची मासिक प्रार्थना-बैठक अनेक ठिकाणी होते. तिथे अहवालवाचनाआधी तासभर एकमेकांचं ऐकायला ठेवला तर व्यासपीठावरची भाषा आपोआप मऊ होईल.

मंडळ्यांकडून माझी मागणी फार नाही. साक्षीच्या वेळेत ‘मला अजून शांती मिळालेली नाही’ एवढंच सांगून खाली बसता यावं, आणि त्यावर कोणी वचन फेकून मारू नये. आलेला मेसेज खरा की खोटा हे पाहून सांगणारे दोन-तीन तरुण नेमावेत. विमा, दाखले, दवाखाना यांसाठी बरोबर जाणाऱ्यांची नावं फळ्यावर असावीत. सिकलसेल तपासणीचं शिबिर चर्चच्या आवारात भरवायचं असेल तर आरोग्य केंद्राला एक पत्र पुरतं. पंच कमिटीच्या पुढच्या बैठकीत हे घेता येईल. कंपाउंडच्या रंगरंगोटीवर आपण जेवढी चर्चा करतो तेवढी याला लागणार नाही, आणि खर्च तर त्याहून पुष्कळच कमी आहे.